तिनं वेळ कुठून काढला?

रमाबाई रानड्यांचं ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ १९१० साली निघालं. पुढच्याच वर्षी, १९११ च्या शिरगणतीत, हिंदुस्थानातल्या शंभर बायकांमागे लिहिता-वाचता येणारी जेमतेम एक निघाली. हे दोन आकडे शेजारी-शेजारी ठेवल्यापासून मला ते पुस्तक पूर्वीसारखं वाचताच येत नाही. लग्न होऊन रानड्यांच्या घरी आल्या तेव्हा रमाबाई अकरा वर्षांच्या होत्या आणि त्यांना अक्षरओळख नव्हती. त्याच बाईनं नवऱ्यामागे नऊ वर्षांत त्याच्या आणि आपल्या संसाराची एवढी हकिगत स्वतःच्या हातानं लिहून काढली. आणि ज्या बायकांची ती हकिगत होती, त्यांच्यातल्या बहुतेकींना ती कुणीतरी वाचून दाखवल्याशिवाय कळणार नव्हती.

मराठीत बायकांनी स्वतःबद्दल सांगितलेलं फार आहे. सतराव्या शतकात शिऊरच्या संत बहिणाबाईनं आपलं बालपण, लग्न, नवऱ्याचा मार आणि तुकोबांची ओढ हे सगळं अभंगांत सांगून ठेवलं. मग मोठी पोकळी. आणि विसाव्या शतकापासून एकीमागून एक: रमाबाई, पार्वतीबाई आठवले, लक्ष्मीबाई टिळक, आनंदीबाई कर्वे, लीलाबाई पटवर्धन, गोदावरी परुळेकर, हंसा वाडकर, दुर्गा खोटे, बेबी कांबळे, शांताबाई कांबळे, माधवी देसाई, सुनीता देशपांडे, ऊर्मिला पवार. ही तर पटकन तोंडावर येणारी नावं. एवढा ऐवज आपल्या भाषेत आहे आणि आपण त्यातलं सहसा एकच वाचलेलं असतं, लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’, आणि तेही पाठ्यपुस्तकातल्या धड्यापुरतं. मला याची मनापासून खंत वाटायची.

म्हणून गेल्या जानेवारीत मी ठरवलं की वर्षभरात मराठी बायकांची ५२ आत्मचरित्रं वाचायची. आठवड्याला एक. आत्मचरित्र, आठवणी, मुलाखतीतून दुसऱ्यानं शब्दांकन केलेलं, काहीही चालेल. फक्त ‘मी’ म्हणणारी बाई हवी.

हे ठरवायला मी फारच चुकीचं वर्ष निवडलं, असं घरी सगळ्यांचं मत पडलं. मुलगी दहावीला. सासूबाईंच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, ऑपरेशन ठरलेलं. नवऱ्याची शिफ्ट बदलती. माझी नोकरी फोर्टात आणि घर डोंबिवलीत. पण मला वाटतं, वाचायला योग्य वर्ष असं कुठल्याच बाईला मिळत नाही. दहावी संपली की बारावी येते, मोतीबिंदू झाला की गुडघे येतात. मुलीच्या दहावीचं वेळापत्रक आम्ही फ्रिजवर चिकटवलं होतं. क्लास, शाळा, स्वाध्याय, त्यात माझी डब्याची वेळ आणि नवऱ्याची तिला सोडायची वेळसुद्धा. त्याच कागदावर मी संध्याकाळच्या पावणेआठ ते साडेआठ या रकान्यात लिहिलं, ‘आई वाचते’. कुणाला विचारून नाही, आणि कुणाशी भांडूनही नाही. माझ्या वेळेला त्या कागदावर जागा असायला हवी, एवढंच मला म्हणायचं होतं.

पुस्तकं मिळवणं हे स्वतंत्र काम होतं. काही घरात होती, काही विकत घेतली, पण बरीचशी ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयानं पुरवली. १८९३ साली सुरू झालेली ही संस्था. ऑफिसातून परतताना ठाण्याला उतरायचं, पुस्तक बदलायचं आणि पुढची गाडी धरायची, असा शनिवारचा क्रम झाला. काउंटरवरच्या बाईंना माझी यादी ओळखीची झाली आणि पुढं पुढं त्याच मला न माहीत असलेली नावं काढून द्यायला लागल्या. सार्वजनिक वाचनालय नसतं तर हा उद्योग माझ्या पगारात झाला नसता. गावोगावची वाचनालयं आज ज्या तुटपुंज्या पैशांवर चालतात ते पाहिलं की पोटात तुटतं.

वाचन मुख्यतः गाडीतच झालं. डोंबिवलीहून सकाळच्या फास्टला लेडीज डब्यात आत शिरायला मिळालं तरी पुरे, बसायला मिळणं ही दिवाळी. उभ्यानं एका हातात कडी आणि दुसऱ्यात पुस्तक धरायचं तर पुस्तक बेताचं हवं. ‘स्मृतिचित्रे’ची संपूर्ण आवृत्ती म्हणून घरीच राहिली आणि आनंदीबाई कर्व्यांचं ‘माझे पुराण’ माझ्याबरोबर फोर्टात जाऊन आलं. मटार सोलणाऱ्या, पोथी वाचणाऱ्या, मुलाचा अभ्यास फोनवरून घेणाऱ्या बायकांच्या मधोमध आनंदीबाई वाचणं मला फार उचित वाटायचं. त्या डब्यातली प्रत्येक जण घर आणि ऑफिस यांच्यामधला तो सव्वा तास आपापल्या परीनं वापरत होती.

पहिल्या काही पुस्तकांनंतर एक प्रश्न आपोआप मनात उभा राहायला लागला आणि मी वहीत प्रत्येक पुस्तकासाठी तो लिहायला सुरुवात केली. या बाईनं वाचायला-लिहायला वेळ कुठून काढला? कुणी दिला, कुणापासून घेतला, कुठं बसून? कादंबरीकाराला आपण हे विचारत नाही. पण ज्या बायकांचा दिवस चुलीपासून सुरू होऊन चुलीपाशी संपायचा, त्यांच्या बाबतीत मला हाच पहिला प्रश्न वाटतो. या प्रश्नानं वाचायला लागल्यावर पुस्तकांच्या अशा जागा उजेडात आल्या ज्यांच्यावरून मी एरवी सहज पुढं गेले असते.

रमाबाईंना वेळ दिला नवऱ्यानं. रात्री शिकवणी, आणि दिवसा घरातल्या बायकांत वावर. ती दोन जगं एकाच घरात होती आणि रमाबाईंना रोज एकातून दुसऱ्यात जावं लागे. भांडी घासताना हाती लागलेला इंग्रजी वर्तमानपत्राचा कपटा वाचत राहिल्या म्हणून त्यांनी घरच्यांची बोलणी खाल्ली. न्यायमूर्ती रानड्यांचं नाव आपण सुधारक म्हणून घेतो, ते रास्तच आहे. पण त्या सुधारणेची रोजची किंमत भांड्यांपाशी बसलेल्या मुलीनं मोजली, आणि टोमणे मारणाऱ्या त्या बायकांवरही मला राग धरता येत नाही. त्यांच्याकडे कुणी पाटी घेऊन आलं नव्हतं. घरातल्या एकीला रात्रीचा तास मिळतो तेव्हा सकाळची तिच्या वाटची कामं कुणीतरी करतंच, हे त्यांना स्वतःच्या कंबरेवरून कळत असणार.

आनंदीबाई कर्वे आणि पार्वतीबाई आठवले या सख्ख्या बहिणी, दोघी विधवा. त्यांचं उत्तर वेगळं. आनंदीबाई पंडिता रमाबाईंच्या शारदा सदनात शिकायला गेल्या, १८८९ मध्ये, ते सदन मुंबईत उघडलं त्याच वर्षी. विशी ओलांडल्यावर पहिल्यांदा शाळा. १८९३ साली त्यांनी धोंडो केशव कर्व्यांशी पुनर्विवाह केला, त्याबद्दल गावानं दोघांना वाळीत टाकलं. पार्वतीबाई पुढं कर्व्यांच्या हिंगण्याच्या आश्रमासाठी वर्गणी मागत हिंडल्या आणि इंग्रजी येत नसताना, ते शिकायचं म्हणून अमेरिकेला गेल्या, तिथं लोकांच्या घरी राहून घरकाम केलं. या दोघींना घरातून वेळ मिळाला नाही. त्यांना घरच मोडलेलं मिळालं आणि त्या मोडतोडीतून त्यांनी दिवस मोकळे करून घेतले. ‘माझे पुराण’ वाचताना आनंदीबाईंचा आवाज कानाशी येतो. पैशांबद्दल इतकं सरळ बोलणारी बाई मराठीत मी दुसरी वाचलेली नाही. हे पुस्तक आज कॉलेजच्या मुलींच्या हातात का नसतं, मला कळत नाही.

मार्चमध्ये सासूबाईंचं पहिल्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस वाचायला मनाई केली. त्या रोज पेपर अथपासून इतिपर्यंत वाचणाऱ्या. दोन दिवसांत कासावीस झाल्या. फ्रिजवरच्या कागदाकडे बोट दाखवून म्हणाल्या, “अगं, तुझं ते पाऊण तासाचं वाचन मोठ्यानं करायला काय हरकत आहे?”

माझ्या मनात आधी आलं ते आठवड्याचं गणित. मोठ्यानं वाचलं की वेग तिसऱ्या हिश्शावर येतो. पण घरात राहिलेलं जाड पुस्तक ‘स्मृतिचित्रे’ होतं आणि ते मोठ्यानं वाचण्यासाठीच असल्यासारखं आहे. लक्ष्मीबाईंचे आजोबा सत्तावनच्या धामधुमीत फाशी गेले आणि त्यानंतर वडिलांच्या मनात सोवळ्याओवळ्यानं जे घर केलं, त्यात सगळं घर होरपळलं. पुस्तक तिथूनच सुरू होतं. इतकं भयंकर काही लक्ष्मीबाई अशा सुरात सांगतात की हसू येतं आणि हसल्यावर घशाशी दाटतं. सासूबाई ऐकता ऐकता डोळ्यावर पट्टी असतानाच उठून बसल्या. त्यांच्या आत्याबाईही अशाच होत्या, लाकडंसुद्धा धुऊन चुलीत घालायच्या. ते सांगून झाल्यावर स्वतःच म्हणाल्या, “तू वाच, माझं मागाहून.”

लक्ष्मीबाईंच्या नवऱ्यानं, कवी टिळकांनी, १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला तो भाग आला तेव्हा घरात बाकी कुणी बोललं नाही. लक्ष्मीबाई पाच वर्षं वेगळ्या राहिल्या आणि १९०० मध्ये त्यांनी आपल्या बुद्धीनं तोच निर्णय घेतला. त्या पाच वर्षांत त्यांच्या मनातलं सोवळं कसं गळत गेलं, हे त्यांनी लिहिलं आहे त्याला मराठीत तोड नाही, असं मी बेधडक म्हणते. आणि त्यांचा वेळ? टिळक निधन पावल्यावर त्यांचं अपुरं राहिलेलं ‘ख्रिस्तायन’ हे काव्य लक्ष्मीबाईंनी पुरं केलं. आठवणी त्यांनी लिहिल्या साठी ओलांडल्यावर, मुलगा देवदत्तच्या आग्रहानं. आयुष्यभर माणसं जेवू घालून झाल्यावर उरलेली वर्षं.

ही ‘उरलेली वर्षं’ मला पुढं वारंवार भेटली. सुनीताबाईंचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हा त्याही साठीच्या पुढं होत्या. कवीची बायको, न्यायमूर्तीची बायको, कादंबरीकाराची बायको यांची आठवणींची पुस्तकं आपल्याकडे पुष्कळ आहेत आणि त्यांची सुरुवात बहुधा ‘त्यांच्या’बद्दल सांगायचं म्हणून होते. मग मधेच कुठंतरी, एखाद्या आजारपणाच्या किंवा बिऱ्हाड बदलण्याच्या प्रकरणात, लिहिणारी बाई स्वतःवर येते आणि पुस्तक जिवंत होतं. त्या क्षणाची मी वाट पाहायला शिकले. तो प्रत्येक पुस्तकात येत नाही. काही पुस्तकं शेवटपर्यंत पाहुण्यांची यादीच राहतात, ती मी भरभर संपवली.

जून-जुलैत सगळंच कोलमडलं. पावसात गाड्या बंद, घरात ताप, निकाल, अकरावीचे प्रवेश. आठवड्याला एक हा हिशेब पार विस्कटला. त्याच दिवसांत बेबी कांबळ्यांचं ‘जिणं आमुचं’ वाचलं, आणि मला वाटतं, या वर्षातलं सगळ्यांत महत्त्वाचं वाचन तेच होतं.

फलटणला त्यांचं लहानसं किराणा दुकान होतं. माल बांधायला रद्दी यायची. गिऱ्हाईक नसेल तेव्हा त्या रद्दीतले कागद त्या वाचायच्या. असंच दुकानात बसून त्यांनी लिहायला सुरुवात केली आणि लिहिलेलं वर्षानुवर्षं घरच्यांपासून लपवून ठेवलं. फलटणमध्येच काम करणाऱ्या मॅक्सीन बर्नसन यांच्या कानावर ते लिखाण गेलं आणि त्यांच्या प्रोत्साहनानं ते बाहेर आलं. आधी ‘स्त्री’ मासिकातून आणि १९८६ साली पुस्तकरूपानं. पण हे लपवणं, नवऱ्याचा संशय, मार यांतलं काहीच पुस्तकात नाही. ते त्यांनी फार पुढं, पुस्तकाच्या इंग्रजी अनुवादक माया पंडित यांना दिलेल्या मुलाखतीत सांगितलं. पुस्तकात आहे तो महारवाडा, वीरगाव, भूक, बाळंतपणात मरणाऱ्या पोरी, सुनांच्या पायांत घातलेले लाकडी खोडे, आणि मग बाबासाहेबांच्या शब्दानं उभी राहिलेली माणसं. स्वतःचं दुःख बाजूला ठेवून समाजाचं लिहायचं, हा त्यांनी केलेला निवाडा होता.

रमाबाईंच्या हातचा वर्तमानपत्राचा कपटा आणि बेबीताईंच्या दुकानातली रद्दी. दोघींमध्ये जातीची केवढी दरी, काळ वेगळा, घरं वेगळी. एकीला शिकवायला न्यायाधीश नवरा होता आणि दुसरीला शिकल्याचं लपवावं लागत होतं. तरी हातात सापडेल तो छापील कागद वाचायची ती भूक मला एकच वाटते. माझ्यासमोर तर वाचनालय आहे, पगार आहे, फ्रिजवर लिहिलेला तास आहे. बेबीताईंच्या पुस्तकानंतर आठवड्याच्या हिशेबाबद्दल कुरकुरणं मला शोभेनासं झालं आणि तो हिशेब मी सोडूनही दिला नाही. उलट नेटानं धरला. इतक्या कष्टानं लिहिलेली पुस्तकं वाचायची राहून जाणं मला परवडणार नव्हतं.

हा पाऊण तास मला मिळतो कसा, हेही वहीत लिहिणं भाग होतं. तो मला स्वयंपाकाच्या मावशी देतात. संध्याकाळी त्या पोळ्या-भाजी करायला येतात म्हणून मी खुर्चीत बसू शकते. त्या पंधरा घरी पोळ्या करतात आणि रात्री स्वतःच्या घरी जाऊन पुन्हा करतात. माझ्या वाचनाच्या वेळाचा मी त्यांना पगार देते हे खरं, पण त्यानं प्रश्न संपत नाही. बायकांना वेळ मिळतो तो बहुतेकदा दुसऱ्या बाईकडून, हे इतक्या पुस्तकांत वाचल्यावर स्वतःच्या ओट्याकडे न बघता कसं राहायचं?

सासूबाईंचे डोळे बरे झाल्यावरही मोठ्यानं वाचणं थांबलं नाही. त्यांनाच ते हवं होतं. मावशी ओट्याशी लाटत असायच्या, मी दाराशी खुर्ची ओढून बसायची. शांताबाई कांबळ्यांचं ‘माज्या जल्माची चित्तरकथा’ काढलं तेव्हा पहिल्याच पानांत महूदचं नाव आलं आणि लाटणं थांबलं. मावशींचं माहेर सांगोल्याकडचं. “महूद आमच्या हितनं जवळ हाय,” त्या म्हणाल्या. त्यानंतर त्या शांताबाईंच्या भाषेतला एकेक शब्द तोंडातल्या तोंडात पुन्हा म्हणून बघायच्या. आपल्या गावाकडचं बोलणं छापलेलं असतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं. शांताबाईंची भूक, शाळा, नवऱ्यानं केलेली दुसरी बायको, १९४२ साली लागलेली मास्तरणीची नोकरी हे सगळं ऐकताना मावशी मधेच मला थांबवत आणि हिशेब विचारत: “मग पोरं कुनापाशी ठेवायची ती?” “पगार तिच्या हातात यायचा का?” इतके नेमके प्रश्न मी समीक्षेच्या पुस्तकांत वाचलेले नाहीत.

मग ऊर्मिला पवारांचं ‘आयदान’ घेतलं. ऊर्मिलाताईंची आई रत्नागिरीकडच्या गावात बांबूची सुपं-टोपल्या विणून घर चालवायची. स्वतः ऊर्मिलाताई लग्न, मुलं, नोकरी हे सगळं पाठीवर घेऊन एम. ए. झाल्या. मुंबईला येऊन शिकायला बसलेल्या बाईबद्दल घरी काय बोललं जातं तो भाग आला तेव्हा सासूबाई म्हणाल्या, “आमच्याकडेही हेच बोलले असते.” त्या मॅट्रिकपर्यंत शिकलेल्या. पुढं शिकायचं होतं, हे त्यांनी मला त्या संध्याकाळी पहिल्यांदा सांगितलं. मुलगी अभ्यासाच्या खोलीतून बाहेर येऊन कधी दाराला टेकून उभी राहिली ते कळलंही नाही.

एका शुक्रवारी मावशी हात धुता धुता म्हणाल्या, “ताई, उद्या-परवा मी येनार न्हाई, गावाला चाललेय. माज्यामागं फुडं वाचू नका.”

मी नाही वाचलं. सासूबाईंनीही पुस्तक उघडू दिलं नाही. ते दोन दिवस मी गाडीत हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ वाचलं. त्यांनी बोलून सांगितलेलं आणि अरुण साधूंनी शब्दांत उतरवलेलं ते पुस्तक. माझी यादी अशी दोन वाटांनी चालायला लागली होती, गाडीतली माझी एकटीची आणि ओट्यापाशी आम्हा सगळ्यांची. ओट्यापाशीची फार सावकाश चालते. तिच्यामुळे ५२ चा आकडा डिसेंबरअखेर गाठता येणार नाही हे दिवाळीतच स्पष्ट झालं होतं. कमी पडलेली पुस्तकं मी पुढच्या वर्षाच्या यादीच्या सुरुवातीला लिहून ठेवली आहेत; त्यांतलं एकही गाळणार नाही.

सध्या गोदावरी परुळेकरांचं ‘जेव्हा माणूस जागा होतो’ चालू आहे. १९४५ चा वारल्यांचा उठाव, वेठबिगारी, जंगलातून रात्री चालत जाऊन घेतलेल्या सभा. गोदावरीबाईंना वेळ कुठून आला हा प्रश्न मी विचारला तेव्हा उत्तर मावशींनी दिलं: त्या घर सोडून गेल्या होत्या ना, मग वेळच वेळ. सासूबाईंना ते पटलं नाही. गोदावरीबाईंनी घर सोडलं पण मग वारल्यांची घरं अंगावर घेतली, असं त्यांचं म्हणणं. वाद अजून मिटलेला नाही आणि पुस्तक अर्ध्यावरही आलेलं नाही. फेब्रुवारीत मुलीची परीक्षा आहे, त्या दिवसांत वाचनाची वेळ अर्ध्या तासानं पुढं जाईल. तसं नव्या कागदावर लिहिलं आहे.